आवळ्यांची मोट

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मंडईत आवळ्यांचे दोन ढीग शेजारीशेजारी लागतात. एकात लिंबाएवढे, गुळगुळीत, पोपटी-पिवळट कलमी आवळे. दुसऱ्यात बोरापेक्षा जरा मोठे, कुठे खरचटलेले, कुठे लालसर झाक मारणारे डोंगरी आवळे. मोरावळा घालणारी गिऱ्हाईकं पहिल्या ढिगाकडे वळतात, कारण किसायला गर भरपूर. चूर्ण करणारी दुसऱ्याकडे वळतात, कारण गुण डोंगरीलाच, अशी त्यांची खात्री. कोणत्याही ढिगावर हात ठेवून विक्रेत्याला विचारा, उत्तर एकच येतं : “घ्या ताई, सी व्हिटॅमिन भरपूर.”

भरपूर म्हणजे किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्या अन्नपदार्थांची कोष्टकं तयार केली आहेत. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्या जुन्या कोष्टकावर वाढल्या, त्यात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिलं होतं. त्याच संस्थेच्या २०१७ च्या नव्या कोष्टकात हा आकडा २५२ आहे. संस्था तीच, फळ तेच आणि आकडा निम्म्याहूनही कमी. मधल्या काळात आवळा काही निकस झालेला नाही. मग यातला खरा आकडा कोणता?

एखादी गोष्ट अगदी स्पष्ट दिसते, याला संस्कृतात ‘हस्तामलकवत्’ म्हणतात, म्हणजे तळहातावरच्या आवळ्यासारखी. ज्यानं हा शब्द घडवला, त्यानं आवळा प्रयोगशाळेत नेला नसावा. मराठीतला आवळ्याचा वाक्प्रचार अधिक अनुभवी आहे. ज्यांचं एकमेकांशी जमत नाही अशांना एकत्र आणू पाहणं म्हणजे ‘आवळ्यांची मोट बांधणं’. गोल, गुळगुळीत फळं फडक्यात बांधायला जावं, तर एक इकडून निसटतं, दुसरं तिकडून. ‘आवळ्यात इतकं अँटिऑक्सिडंट’ हे वाक्य म्हणजे अशीच एक मोट आहे. त्या एका शब्दाखाली डझनभर रसायनं बांधलेली असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचं वर्षभराचं वेळापत्रक निराळं असतं. या प्रकरणात ती मोट सोडून पाहू.

झाडाचं पंचांग

सुरुवात रसायनापासून करण्याऐवजी झाडापासून करू, कारण रसायनाचं वेळापत्रक झाडाच्या वेळापत्रकात बसवलेलं असतं.

आवळ्याचं शास्त्रीय नाव फायलँथस एम्ब्लिका. ‘फायलँथस’ म्हणजे पानाला फूल येणारा. नाव दिसण्यावरून पडलं आहे आणि ते दिसणं फसवं आहे. आपल्याला चिंचेसारखं बारीक पर्णिकांचं संयुक्त पान वाटतं, ती खरं तर नाजूक डहाळी असते आणि तिच्यावरची प्रत्येक ‘पर्णिका’ हे एकेक पूर्ण पान असतं. थंडी सरता सरता आवळा ही डहाळीच्या डहाळी गाळून टाकतो. काही दिवस झाड जवळजवळ उघडं पडतं. मग चैत्राच्या आगेमागे नव्या डहाळ्या फुटतात आणि त्यांच्याच पानांच्या बगलेत हिरवट-पिवळी, सहज नजरेतून सुटतील अशी फुलं येतात. नरफुलं पुष्कळ, मादीफुलं मोजकी. मधमाश्या आपलं काम उरकतात आणि फळ धरतं.

आता खरी गंमत सुरू होते. आंबा मोहोरानंतर लगेच वाढीला लागतो. आवळा तसं करत नाही. फलधारणा झालेला इवलासा कण सगळा उन्हाळा तसाच बसून राहतो. वैशाख गेला, ज्येष्ठ आला, तरी झाडाला फळ लागलं आहे हे जाणकारालाच कळतं. पाऊस पडला, मुळांना पाणी मिळालं की हा झोपलेला कण जागा होतो आणि आषाढ-श्रावणात फुगू लागतो. भाद्रपद-आश्विनात आठळी कठीण होते, गर भरतो. कार्तिकात फळं हिरवीकंच पण पोसलेली दिसतात. मार्गशीर्ष-पौषात हिरवा रंग पिवळसर होतो, साल काहीशी पारदर्शक होते आणि फळावरच्या सहा उभ्या रेघा स्पष्ट होतात. माघापर्यंत फळं झाडावर टिकतात. खाली पडलेल्या फळाचा गर सुकला की आतली आठळी तडकते आणि बिया उडतात.

मध्य आणि उत्तर भारतात हे चक्र साधारण असंच चालतं. दक्षिणेत काही ठिकाणी झाड वर्षातून दोनदाही फुलतं. जातीप्रमाणेही फरक पडतो. उत्तर प्रदेशातला प्रतापगडचा पट्टा आवळ्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या जुन्या जातींपैकी ‘बनारसी’ लवकर तयार होते, ‘चकैया’ उशिरा. त्यामुळे नोव्हेंबरच्या एकाच सकाळी मंडईत आलेली दोन फळं वयानं सारखी असतील, याची खात्री नसते. कॅलेंडरवर तारीख एकच असते, पण एक फळ म्हातारपणाकडे झुकलेलं असतं आणि दुसरं ऐन तारुण्यात.

आंबट घराणं, तुरट घराणं

आवळा चावला की आधी आंबट लागतं, मग तोंड तुरट होतं आणि वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं. या चवींमागे रसायनांची दोन मोठी घराणी उभी आहेत.

पहिलं घराणं ‘क’ जीवनसत्त्वाचं, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं. आवळ्याच्या आंबटपणात इतर आम्लंही असतात, पण मान याचा. वनस्पती हे आम्ल साखरेपासून बनवतात आणि ते आपल्यासाठी बनवत नाहीत. पानातल्या हरितलवकांवर ऊन पडतं तेव्हा प्रकाशाची ऊर्जा पकडून साखर करण्याचा कारखाना चालू होतो. ऊन फार झालं, पाणी कमी पडलं किंवा थंडीनं कारखान्यातली विकरं मंदावली, तर पकडलेली ऊर्जा खर्च होत नाही. ती ऑक्सिजनच्या रेणूंवर जाऊन आदळते आणि ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात. ही रूपं पेशीतल्या पातळ पडद्यांना आणि प्रथिनांना ओरबाडतात. त्यांना शांत करायला अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. दिल्यावर ते रिकामं होतं, तेव्हा पेशी त्याला पुन्हा भरून कामाला लावते. हे चक्र क्रिस्टीन फॉयर आणि बॅरी हॅलिवेल यांनी १९७६ मध्ये मांडलं. ‘अँटिऑक्सिडंट’ या भारदस्त शब्दाचा मूळ धंदा हा असा आहे : उन्हातान्हात उभ्या असलेल्या, सावलीत पळून जाता न येणाऱ्या जिवाची ती छत्री आहे.

छत्री असल्यामुळे तिची गरज ऋतूप्रमाणे बदलते. सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी स्वच्छ ऊन, असे मार्गशीर्षातले दिवस झाडाच्या दृष्टीनं सोपे नसतात. फळांच्या बाबतीतही उन्हाचा हात दिसतो. अनेक फळझाडांवर असं आढळलं आहे की एकाच झाडावरच्या उन्हाकडच्या फळांत सावलीतल्या फळांपेक्षा ‘क’ जीवनसत्त्व जास्त असतं.

दुसरं घराणं टॅनिनांचं. गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल आणि साखरेच्या रेणूला त्यांचे तुकडे जोडून झालेली कोरिलॅजिन, चेब्युलॅजिक आम्ल यांसारखी मोठी रसायनं यात येतात. टॅनिनचा स्वभाव प्रथिनांना धरून बसण्याचा. म्हणून बाभळीची साल आणि आवळ्याची सालपानं कातडी कमावायला वापरली गेली. जिभेवर तेच घडतं. लाळेतली निसरडी प्रथिनं टॅनिनाला चिकटतात, तोंडातलं वंगण जातं आणि कोरडा, आवळलेला अनुभव येतो, तोच तुरटपणा. टॅनिन लोखंडालाही सोडत नाही. विळीवर आवळे चिरले की पातं काळंनिळं होतं. लोखंडी कढईत भिजवलेल्या आवळ्यानं केस काळे करण्याची घरगुती रीत आणि जुन्या काळची शाई, दोन्ही याच गुणावर चालत.

हे घराणं झाड कशासाठी पोसतं? अळी असो की माकड, कोवळं फळ चावणाऱ्याची चव आणि पचन बिघडवण्यासाठी. बी तयार होण्याआधी फळ खाल्लं गेलं तर झाडाची मेहनत वाया. म्हणून कोवळ्या फळात तुरटपणाचा पहारा कडक असतो. बी पक्की झाली की मात्र झाडालाच गिऱ्हाईक हवं असतं. आवळ्याचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे चितळ. ते फळ अख्खं गिळतं, नंतर रवंथ करताना कठीण आठळी तोंडातून टाकून देतं आणि बी झाडापासून दूर पोचते. गमतीचा भाग असा की चितळाला आवळ्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाची गरजच नसते. गाय, कुत्रा, हरीण यांची शरीरं ते स्वतः तयार करतात. ते बाहेरून घ्यावं लागतं माणसाला, माकडांना आणि गिनीपिगला.

म्हणजे एक घराणं ऊन-थंडीशी बांधलेलं आणि दुसरं बीच्या वयाशी. दोघांची कामं वेगळी, म्हणून दोघांचे चढउतारही वेगळे. कोवळ्या आवळ्यात टॅनिनाचं प्रमाण भारी असतं आणि फळ पोसत जाईल तसं ते उतरत जातं. ‘क’ जीवनसत्त्व साधारणपणे फळ पक्व होईपर्यंत चढत जातं आणि फार काळ झाडावर राहिलेल्या फळात पुन्हा घसरतं. एकाचा आलेख उतरतीचा, दुसऱ्याचा टेकडीसारखा. या दोन्हींची बेरीज करून ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून एकच आकडा काढला, तर तो कोणाची गोष्ट सांगतो?

टक्का घटतो, ऐवज वाढतो

‘टॅनिन उतरतं’ हे वाक्यही जरा उलगडून पाहायला हवं, कारण ऋतूंच्या अभ्यासातली सर्वांत सोपी चूक इथेच होते.

समजा, श्रावणात एका आवळ्याचं वजन ५ ग्रॅम आहे आणि त्यात १०० मिलिग्रॅम टॅनिन आहे. म्हणजे प्रमाण २ टक्के. पौषात तोच आवळा ४० ग्रॅमचा झाला आणि त्यात ४०० मिलिग्रॅम टॅनिन आहे. प्रमाण १ टक्का. अहवालात लिहिलं जाईल : टॅनिन निम्म्यावर आलं. झाडाच्या हिशेबात मात्र ते चौपट झालं आहे. फळात पाणी आणि साखर टॅनिनापेक्षा वेगानं शिरली, एवढाच त्याचा अर्थ. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण घोटाळा खरा आहे. दुधात पाणी घातलं म्हणून म्हशीनं दूध कमी दिलं, असं कोणी म्हणत नाही.

म्हणून काटेकोर अभ्यासक फळाचं ओलं वजन, सुकं वजन आणि एका फळातला एकूण ऐवज असे तीन हिशेब ठेवतात. पावसाळ्यानंतरच्या पाणीदार फळाची आणि माघातल्या ओसरत्या फळाची तुलना ओल्या वजनावर केली, तर रसायनांच्या नावाखाली आपण पाणीच मोजत बसू.

दुसरी गोम जिभेची. फळ पिकताना तुरटपणा कमी झाला म्हणजे टॅनिन नाहीसं झालं, असं नाही. कच्चं केळं तोंड आवळतं, पिकलेलं आवळत नाही. तिथे टॅनिन पळून गेलेलं नसतं, तर एकमेकांत गुंतून विरघळेनासं झालेलं असतं. ते लाळेत उतरतच नाही, मग जिभेला कळणार कसं? जीभ चांगला परीक्षक आहे, पण ती हिशेबनीस नाही.

खऱ्या अर्थानं ऋतूचा परिणाम शोधायचा तर तीच ती झाडं खुणा करून ठेवायची, दर पंधरवड्याला त्यांच्या त्याच बाजूची फळं तोडायची आणि तीही दिवसाच्या ठरावीक वेळी. त्याच दिवशी ती गोठवायची किंवा रस काढायचा. एका साली थंडी उशिरा आली, दुसऱ्या साली अवकाळी पाऊस झाला, म्हणून किमान दोन-तीन हंगाम हे करत राहायचं. अशा कामाला पैसा लागतो आणि त्याहून जास्त चिकाटी. बाजारातून एकदा किलोभर आवळे आणून मोजणं कितीतरी सोपं, म्हणून जगात तशीच मोजमापं अधिक आहेत.

निळा रंग आणि लांबलेलं भांडण

आता त्या ६०० आणि २५२ कडे वळू.

‘क’ जीवनसत्त्व मोजायची जुनी, स्वस्त आणि शाळा-कॉलेजांत आजही शिकवली जाणारी पद्धत म्हणजे टायट्रेशन. एक निळं रंगद्रव्य फळाच्या आम्लधर्मी रसात थेंबथेंब सोडायचं. जीवनसत्त्व त्या रंगाला इलेक्ट्रॉन देतं आणि रंग नाहीसा होतो. जीवनसत्त्व संपलं की पुढचा थेंब फिकट गुलाबी होऊन टिकतो. किती थेंब लागले, त्यावरून हिशेब. अडचण अशी की हा रंग घालवणारं जीवनसत्त्वच असलं पाहिजे, अशी काही अट नाही. इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेलं दुसरं कोणीही ते करू शकतं. लिंबाच्या रसात असे आगंतुक थोडे असतात. आवळ्यात त्यांची फौज आहे, कारण गॅलिक आम्लाचं सगळं गणगोत इलेक्ट्रॉन वाटायला बसलेलंच आहे. एचपीएलसीसारखी नवी पद्धत मिश्रणातलं प्रत्येक रसायन वेगळं काढून मोजते, म्हणून तिचा आकडा अधिक भरवशाचा. ६०० आणि २५२ मधल्या दरीत पद्धतीचा वाटा असू शकतो, जातीचा असू शकतो आणि फळ कोणत्या महिन्यात तोडलं, याचाही असू शकतो. कोष्टकातल्या एका ओळीत यातलं काहीच मावत नाही.

आवळ्यातली दोन घराणी एकमेकांत किती गुंतली आहेत, हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. १९३६ मध्ये मद्रासचे दामोदरन आणि नायर यांनी दाखवलं की आवळ्यातलं टॅनिन ‘क’ जीवनसत्त्वाचं हवेतल्या ऑक्सिजनपासून रक्षण करतं. बाकीच्या फळांतलं जीवनसत्त्व वाळवल्यावर भराभर उडून जातं, आवळ्यात ते बऱ्यापैकी तग धरतं, याचं एक कारण त्यात सापडलं. पुढे १९४० च्या सुमारास तेव्हाच्या पंजाबातल्या हिस्सारच्या दुष्काळात हिरड्यांतून रक्त येणाऱ्या स्कर्व्हीच्या रोग्यांना आवळ्याचा गुण आला.

मग १९९६ मध्ये गोष्टीला कलाटणी मिळाली. घोषाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवळ्यातून ‘एम्ब्लिकॅनिन ए’ आणि ‘बी’ ही दोन नवी टॅनिनं जाहीर केली. त्यानंतर असंही म्हटलं जाऊ लागलं की आवळ्याचा पराक्रम या टॅनिनांचा आहे, ‘क’ जीवनसत्त्व त्यात नाहीच, इतकी वर्षं आपण टॅनिनालाच जीवनसत्त्व समजत होतो. ज्या फळाची ओळखच ‘सी व्हिटॅमिन’, त्याच्यावर हा आरोप म्हणजे मोठंच बालंट. २००७ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी आवळ्यातलं ‘क’ जीवनसत्त्व निरनिराळ्या पद्धतींनी मोजून तुलना केली. जीवनसत्त्व आहे, पण कोणत्या पद्धतीनं मोजता त्यावर आकडा ठरतो, हे त्यातून समोर आलं. आदल्याच वर्षी इटलीतल्या स्कार्तेझिनी आणि सहकाऱ्यांनी अंदाज दिला होता की आवळ्याच्या एकूण अँटिऑक्सिडंट क्षमतेतला सुमारे ४५ ते ७० टक्के वाटा ‘क’ जीवनसत्त्वाचा आहे. उरलेला टॅनिनादी मंडळींचा. एम्ब्लिकॅनिनच्या बाबतीत मात्र पुढच्या पडताळण्यांत प्रश्न उभे राहिले आणि बीटा-ग्लुकोगॅलिन, म्युसिक आम्लाचे गॅलेट अशी वेगळीच नावं पुढे आली.

४५ आणि ७० मध्ये अंतर पुष्कळ आहे. ते वाचताना संशोधकाला नावं ठेवण्याचं कारण नाही. दोन घराण्यांचं वेळापत्रक निराळं असेल, तर त्यांचा वाटा महिन्यागणिक बदलणारच.

चरकाचा महिना, आपला महिना

वनौषधी कधी गोळा करायची, याचा विचार आयुर्वेदात जुना आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात झाडाच्या अवयवांचं चक्क वेळापत्रक दिलं आहे : कोवळी डहाळी-पानं वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, लाकडाचा गाभा हेमंतात आणि फुलं-फळं ज्याच्या त्याच्या हंगामात. रसायन प्रकरणात हिरडा-आवळ्यासारख्या फळांबद्दल आणखी अटी आहेत. फळं आपल्या काळात आलेली, रसानं भरलेली हवीत, त्यांनी ऊन, वारा, सावली आणि पाणी पुरेपूर घेतलेलं असावं, कुजलेली वा कोणी खाल्लेली नसावीत. ऊन आणि सावली दोन्ही मागणारा हा खरेदीदार आजच्या गुणवत्ता-निरीक्षकालाही जड जाईल.

त्याच ग्रंथातल्या ‘केवलामलक रसायना’त तर महिन्याचंच बंधन आहे. वर्षभर गायींच्या सहवासात दुधावर राहिलेल्या व्रतस्थानं पौष, माघ किंवा फाल्गुनाच्या पौर्णिमेला आवळ्याच्या वनात जायचं, मोठ्या फळांच्या झाडावर चढायचं आणि तिथेच फळं खायची. म्हणजे चरकाला पूर्ण पिकलेला, झाडावरच राहिलेला आवळा हवा आहे.

आपल्याकडे मात्र आवळ्याचा उत्सव कार्तिकातच सुरू होतो. कार्तिक शुद्ध नवमीला आवळीची पूजा, महिनाभरात कधीतरी आवळीच्या झाडाखाली जेवण, मग तुळशीच्या लग्नात ऊस, बोरं, चिंचा यांच्याबरोबर आवळा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत नवा आवळा, चिंच, बोर तोंडात घालायचं नाही, असा दंडक अनेक घरांत पाळला जाई. पंचांगात दुसऱ्या टोकाला फाल्गुन शुद्ध एकादशी आहे, तिचं नावच आमलकी एकादशी. कार्तिकातली नवमी आणि फाल्गुनातली एकादशी या दोन खुंट्यांमध्ये आवळ्याचा सगळा हंगाम टांगलेला आहे.

यावरून पूर्वजांना अँटिऑक्सिडंटचं रसायन ठाऊक होतं, असा निष्कर्ष काढायला मन धावतं. त्याला आवरलेलं बरं. कार्तिकापूर्वी आवळा न खाण्याचा नियम कशामुळे पडला असेल, याची साधी उत्तरंही पुरेशी आहेत : भाद्रपदातला आवळा इतका तुरट असतो की खाववत नाही आणि कोवळी फळं ओरबाडली तर पौषात झाडावर काही उरणार नाही. जिभेनं आणि काटकसरीनं मिळून घातलेली ती मनाई असावी. रसायनशास्त्र तिला दुजोरा देतं, एवढंच. चरकाचा पौष आणि आपला कार्तिक यांत विरोधही नाही. कार्तिकातल्या फळात तुरट घराण्याचा जोर अजून बाकी असतो, पौषातलं फळ मऊ, रसाळ आणि खायला सोपं असतं. झाडाखालच्या एका पंगतीला पहिलं चालतं. नुसत्या आवळ्यावर दिवस काढणाऱ्याला दुसरंच हवं.

ऋतू आणि चव यांचं हे नातं आवळ्यापुरतं नाही. चहाच्या मळ्यांतही वसंतातल्या पहिल्या खुडणीची पानं मवाळ असतात आणि कडक उन्हाळ्यातल्या पानांत तुरट कॅटेचिनं वाढलेली असतात. जपानी ग्रीन टी पिणारे पहिल्या खुडणीला जास्त पैसे मोजतात. अँटिऑक्सिडंट जास्त हवीत म्हणून कोणी उन्हाळी पानं मागत नाही. तिथेही ‘सर्वांत जास्त’ आणि ‘सर्वांत चांगलं’ हे दोन वेगळे महिने आहेत.

हंगाम बरणीत भरताना

फळ तोडलं की झाडाचं पंचांग थांबतं आणि आपलं सुरू होतं. किसून, मीठ-आलं लावून उन्हात वाळवलेली आवळा सुपारी, अख्खी वाळवून केलेली आवळकाठी, पाकात मुरलेला मोरावळा, मंद आचेवर तासन्‌तास ढवळलेला च्यवनप्राश, या सगळ्या युक्त्या चार महिन्यांचा माल बारा महिने पुरवण्यासाठी आहेत. प्रत्येक युक्तीत दोन घराण्यांची किंमत वेगवेगळी मोजावी लागते. उष्णता आणि हवा यांच्यापुढे ‘क’ जीवनसत्त्व नाजूक. टॅनिनाचा आश्रय असला तरी दीर्घ शिजवणीत त्यातलं पुष्कळ जातं. टॅनिन चिवट. शिजवल्यावर त्याचे मोठे रेणू तुटून गॅलिक आणि एलॅजिक आम्ल मोकळं होतं, पण तुरट घराण्याचा वंश टिकून राहतो. म्हणून ताजा आवळा आणि च्यवनप्राश यांत ‘जास्त चांगलं काय’ हा प्रश्नच चुकीचा पडतो. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

एक जुनी युक्ती मात्र दाद देण्याजोगी आहे. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच ताज्या रसाची ‘भावना’ द्यायची : रसात भिजवायचं, सुकवायचं, पुन्हा भिजवायचं. स्कार्तेझिनींच्या गटानं अशा रीतीनं तयार केलेला आवळा तपासला, तेव्हा त्यात ‘क’ जीवनसत्त्व १.२८ टक्के भरलं, साध्या फळात ०.४० टक्के. जादू यात काही नाही. पाणी जातं, ऐवज राहतो आणि दर खेपेला त्यावर नवा थर चढतो. आपण मघाशी ज्या ओल्या-सुक्या वजनाच्या हिशेबात अडखळलो, त्याचाच वैद्यांनी फायदा करून घेतला.

मोट सुटल्यावर

एकाच आकड्यात सगळी अँटिऑक्सिडंटं बांधण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथल्या कृषी खात्यानं पदार्थांची ‘ओरॅक’ या मापनाची यादी प्रसिद्ध केली होती. परीक्षानळीत कोण किती ऑक्सिडीकरण थोपवतं, त्याचे गुण. खाद्य कंपन्यांनी ते गुण डब्यांवर छापायला सुरुवात केली. २०१२ मध्ये खात्यानं ती यादी मागे घेतली. कारण सरळ होतं : परीक्षानळीतले हे गुण माणसाच्या शरीरात काय घडतं ते सांगत नाहीत आणि त्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर होत होता. टॅनिनाचे मोठे रेणू तर आतड्यातून जसेच्या तसे फारसे शोषलेच जात नाहीत. तिथले जिवाणू त्यातल्या काहींचं रूपांतर ‘युरोलिथिन’ नावाच्या लहान रेणूंत करतात आणि प्रत्येकाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती वेगळी असते. म्हणजे झाडाच्या ऋतूनंतर खाणाऱ्याच्या पोटाचाही एक ऋतू आहेच.

घरापुरता हिशेब मात्र फार सोपा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ‘क’ जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम. कोष्टकातला धाकटा आकडा, २५२, धरला तरी ४० ग्रॅम गराचा एक ताजा आवळा १०० मिलिग्रॅम देतो. गरज भागली. ६०० वाला आकडा खरा असता तरी दुसरं काही झालं नसतं. शरीर जास्तीचं जीवनसत्त्व साठवून ठेवत नाही, मूत्रावाटे टाकून देतं. महिन्यांचा आणि जातींचा काटेकोर हिशेब हवा तो चूर्ण, अर्क, गोळ्या करणाऱ्यांना. त्यांच्या बाटलीतला प्रत्येक डोस सारखा असायला हवा आणि त्यांच्या कच्च्या मालाला तर ऋतूगणिक बदलण्याची सवय.

तेव्हा पुन्हा त्या दोन ढिगांपुढे उभं राहून विक्रेत्याला एक वेगळा प्रश्न विचारून पाहा. यात किती आहे, हा नको. तोडले कधी, हा विचारा. डोंगरी आवळ्यांवर हात ठेवून तो म्हणेल, “परवा उतरवलेत, ताई.” कलमी आवळ्यांपाशी जरा थांबेल. “गाडी काल आली. तोडले कधी, ते तिकडच्यांना ठाऊक.” सी व्हिटॅमिनबद्दल विचारलं तेव्हा दोन्ही ढिगांचं उत्तर एकच होतं. आता ती दोन झाली.